आरपारचे तीन दगड

किण्.

कपाटात हुकांना टांगलेले सहा कप एकमेकांना हलकेच लागले आणि पुन्हा गप्प झाले.

ती मटार सोलत बसली होती. दुपार कलताना या घरात एवढी शांतता असायची, की भांड्यात पडणारा दाणासुद्धा मोजता यावा. फरशीवर पालथी पडून तिची मुलगी खडूने घोडा काढत होती. घोड्याला पाच पाय होते, कारण चौथा फार छान जमला म्हणून तिने तसाच आणखी एक काढला होता. पाच वर्षांची पोर एका जागी टिकायची नाही, म्हणून आजोबांनी तिचं नाव भिंगरी ठेवलं होतं आणि तेच चिकटलं होतं.

"भिंगरे, कपाटाला धक्का दिलास?"

"मी तर इथे आहे," भिंगरी मान वर न करता म्हणाली. "माझे दोन्ही हात घोड्याला लागलेत."

बाहेर वारा नव्हता, पान हलत नव्हतं. चौथा कप मात्र अजून डुलत होता. ती त्याच्याकडे बघत राहिली. तेवढ्यात वरून हाक आली.

"सूनबाई! काच फुटली गं!"

तिच्या हातातली शेंग तशीच राहिली. कुठली काच, हे विचारायची गरज नव्हती.

घर त्यांचं नव्हतं. मालकीणबाई शहरात राहायच्या. वर्षातून दोनदा येऊन दगडांवरून हात फिरवायच्या, चहा घ्यायच्या आणि जायच्या. तिचे सासरे, अण्णा, चाळीस वर्षं या घराचे गवंडी. आता ते काम तिच्या नवऱ्याकडे आलं होतं, आणि मागच्या अंगाला वर दोन खोल्या आणि खाली स्वयंपाकघर एवढं राहायला मिळालं होतं. शेतांच्या मधोमध, उतारावर बसलेलं दुमजली दगडी घर. दोन कोपऱ्यांना दोन बुटके मनोरे, आणि भिंती एवढ्या जाड, की खिडकीच्या खाचेत भिंगरी गादी घालून झोपायची. फोनला रेंज मिळायची ती फक्त फाटकापाशी. "या भिंती वाऱ्याला ऐकत नाहीत, तुमच्या फोनला काय ऐकणार," असं अण्णा छाती फुगवून सांगायचे, जणू त्यांनीच बांधल्यात.

लग्न होऊन ती आली, तेव्हा पहिल्याच आठवड्यात अण्णांनी तिला घर दाखवलं होतं. घरातले दागिने दाखवावेत तसं, एकेक काढून.

"ही भिंत एक दिसते ना तुला? एक नाही. दोन आहेत. एक बाहेरची, एक आतली. मधल्या पोटात खडी आणि चुना. दोघी पाठीला पाठ लावून उभ्या. आता सांग, अशा दोघी किती वर्षं गुण्यागोविंदाने नांदतील? म्हणून मधे मधे हा लांब दगड घालायचा. बाहेरून आत, आरपार. हा दोघींचे हात धरून ठेवतो."

स्वयंपाकघराच्या भिंतीत कमरेच्या उंचीवर असे तीन दगड एका ओळीत होते. त्यांची टोकं आतल्या बाजूला वीतभर पुढे आलेली. अण्णा त्यांना नाकं म्हणायचे.

त्या नाकांनीच घात केला. भिंगरी तीन वर्षांची असताना धावत आली आणि मधल्या नाकावर कपाळ आपटून घेतलं. दोन टाके पडले. महिन्याभरात पुन्हा तिथेच. शिवाय कपाट भिंतीला लागून बसेना, मागे फट राहायची, आणि फटीत उंदीर. ती नवऱ्याच्या मागेच लागली. "अख्ख्या जगाची घरं दुरुस्त करता, आपल्या पोरीचं कपाळ तेवढं फुटू देता." अण्णा तेव्हा नुकतेच लकव्याने आडवे झालेले, उजवं अंग गेलेलं, वरच्या खोलीत. त्यांना विचारलं असतं तर ते नाहीच म्हणाले असते. म्हणून विचारलं नाही.

नुसती नाकं छाटायची होती. पण छिन्नीच्या दणक्याने पहिला दगड चुन्यातून सुटला आणि अर्धा हातात आला. दुसऱ्याचं तेच झालं. तिसऱ्याआधी नवऱ्याने थांबायला हवं होतं. पण दोन भोकं आणि एक नाक असं दिसायला फार वाईट दिसत होतं, आणि तीच म्हणाली होती, "आता एकासाठी कशाला?" भोकांत विटांचे तुकडे कोंबले, वर गिलावा, वर पांढरा रंग, पुढे कपाट. वरून अण्णांनी विचारलं होतं, "काय ठोकताय रे?" नवरा म्हणाला, "खिळा." त्यावर अण्णा म्हणाले, "एवढा वेळ? हत्ती टांगताय का?" आणि सगळे हसले होते. तीही हसली होती.

महिन्यापूर्वी अण्णांच्या पलंगाजवळ भिंतीला केसाएवढी भेग दिसली. अण्णांनी मुलाकडून भेगेवर आडवी काचेची पट्टी चुन्याने चिकटवून घेतली. "काच शाबूत तोवर भिंत झोपलीय. काच फुटली की समजायचं, ती चालायला लागली." त्या दिवसापासून नवऱ्याला रात्रीची झोप नव्हती. आज तो पहाटेच ट्रॅक्टर घेऊन चुन्याच्या भट्टीवर गेला होता. ठरलं होतं ते दोघांतच: भिंत उघडायची, तीन नवे लांब दगड बसवायचे, आणि अण्णांना म्हणायचं की ओल आली होती.

ती जिना चढली. जिना मधल्या भिंतीच्या पोटातून गोल गोल वर जायचा, इतका अरुंद की वरून येणाऱ्याला खालच्याने वाट द्यायला मागे उतरावं लागे. भिंगरी पाठोपाठ होतीच.

अण्णा पलंगावर उजव्या कुशीला कलले होते. त्यांचा पलंग बाहेरच्या भिंतीला खेटून, खिडकीशी. काच मधोमध तुटली होती, आणि दोन तुकड्यांमध्ये आता बोट जाईल एवढी जागा होती.

"सकाळी केसाएवढी होती," अण्णा म्हणाले. आवाजात भीती नव्हती. आजारी माणसाची नाडी बघणारा वैद्य बोलतो तसं बोलत होते. "खालून धूळ येतेय बघ. खुंटीवरचा ओळंबा घे, बाहेर जा. भिंतीला माथ्यापासून लावून बघ आणि मला सांग, पोट किती पुढे आलंय. आणि पोरीला भिंतीजवळ नेऊ नकोस."

"अण्णा, आधी तुम्हाला—"

"आधी ओळंबा. न बघता डॉक्टरसुद्धा औषध देत नाही. जा."

बाहेर गेल्यावर ओळंबा लावायची गरज पडलीच नाही. तरी तिने शिडी टेकून लावला, कारण अण्णा विचारणार होते. दोन्ही मजल्यांच्या मधे, बरोबर कपाटामागे, बाहेरची भिंत आठव्या महिन्यातल्या बाईसारखी पुढे आली होती. एक वीत आणि वर दोन बोटं. सांध्यांतून चुना पिठासारखा गळत होता.

ती फाटकापर्यंत पळाली. नवऱ्याने पहिल्याच घंटीला उचललं.

"काच फुटली. पोट वीतभर आलंय."

पलीकडे भट्टीचा आवाज. मग तो म्हणाला, "निघालो. तासभर लागेल. गवळ्याला फोन कर, माणसं घेऊन ये म्हणावं." आणि मग, घोगऱ्या आवाजात, "अण्णांना सांगितलंस?"

"नाही."

"नको सांगूस. आज नको. त्यांना सोसायचं नाही."

उताराखालच्या गोठ्यातल्या गवळीदादांचा फोन वाजत राहिला, कुणी उचलला नाही. ही धारांची वेळ. तिने दोनदा केला, तिसऱ्यांदा निरोप बोलून ठेवला, आणि परत पळाली.

"वीत आणि दोन बोटं," तिने धापा टाकत सांगितलं.

अण्णांनी डोळे मिटले. ओठ हलत होते. घर बांधणाऱ्याशीच काहीतरी बोलत असावेत. मग डोळे उघडले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर चक्क हुरूप होता.

"घाबरू नकोस. अजून हातची गेली नाही. ज्याने हे घर बांधलं तो खुळा नव्हता. ती तीन नाकं त्याने उगाच बाहेर ठेवली नाहीत. अशा दिवसासाठीच ठेवलीत. तळघरात साखळी आहे, जुन्या रहाटाची. ती आण. तिन्ही नाकांना वेढा घाल आणि मधल्या भिंतीत लोखंडी कडी आहे, जिन्याच्या दाराशी, तिला आवळून बांध. काठी घालून पीळ दे. नाकं धरली की बाहेरची भिंत धरली. वेसण घालायची या बयेला! कपाट तेवढं सरकवावं लागेल. जमेल तुला. तुझ्या हातात जोर आहे, पीठ मळतेस ते मी बघितलंय."

ती हलली नाही.

"अगं, जा ना."

"अण्णा," ती म्हणाली.

"काय?"

नवऱ्याचं बोलणं कानात होतं. भिंतीतून सुस्स् करून वाळू गळाल्याचा आवाज आला, एक लांबलचक उसासा. पाठोपाठ आलेली भिंगरी दारात उभी राहून दोघांकडे बघत होती. तीच बोलली.

"आजोबा, नाकं नाहीयेत. कपाट बसत नव्हतं ना, म्हणून बाबांनी काढली. मला लागायची."

अण्णांनी मान सुनेकडे वळवली.

"छाटली?"

"छाटायचीच होती. दगडच निघून आले."

"किती?"

"तिन्ही."

"खिळा," अण्णा म्हणाले. "खिळा ठोकत होता."

"मी मागे लागले होते, अण्णा. ते नको म्हणत होते. मीच."

त्यांनी शाबूत हात उचलला. मारायला नव्हे. तळवा भिंतीला लावला आणि तसाच ठेवला, तापात असलेल्या लेकराच्या कपाळावर ठेवतात तसा. तिला वाटलं त्यांनी ओरडावं. सुनेला देऊ नये अशी एखादी शिवी द्यावी.

मग त्यांनी हात काढला. तळव्याला पांढरी धूळ लागली होती.

"पोरीला घे आणि बाहेर हो."

"तुम्हाला सोडून नाही जायची."

"सूनबाई, मी सांगतो म्हणून—"

"इतकी वर्षं तुमचं ऐकलं नाही, आज कुठे ऐकू?" असं म्हणताना तिला रडू फुटलं. रडतच तिने त्यांच्या अंगाखालच्या चादरीची दोन टोकं गोळा केली. "सांगा, कुठे न्यायचं? या खोलीत भक्कम काय आहे? तेवढं सांगा, बाकीचं मी बघते."

त्यांच्यातला गवंडी जागा झाला.

"तुळया," ते म्हणाले. "तुळयांचं एक टोक या भिंतीत, दुसरं मधल्या भिंतीत. ही गेली की जमीन या बाजूने खाली येणार. मधली भिंत जाणार नाही. तिच्या पोटात जिना आहे, तो सगळा घडीव दगडाचा, एकात एक अडकलेला. जिन्याच्या वरच्या पायरीशी चौकोनी जागा आहे. तिथवर."

दारापर्यंत दहा पावलं. चालणाऱ्या माणसाची दहा पावलं.

तिने चादर ओढली. अण्णा पलंगावरून खाली आले ते धप्पकन. "मोडलं नाही काही," ते कण्हत म्हणाले. "जे मोडायचं ते आधीच मोडलंय." ती उलटी चालत ओढू लागली. भिंगरी मागून आजोबांचे पाय ढकलत होती, जीभ बाहेर काढून, सगळं अंग लावून. एक हात जमीन सरली की थांबायचं. पुन्हा एक हात. अण्णा मोठ्या हाडाचे होते.

"जन्मभर दगड ओढले," ते दातांतून म्हणाले, "आता कळतंय दगडाला काय वाटत असेल."

"बोलू नका."

"बोलू दे. नाहीतर तुला वाटेल गेलो."

अर्ध्यात असताना खिडकीची चौकट तडकली. काचेचा कुठलासा तुकडा जमिनीवर पडून फिरत राहिला. भिंगरी म्हणाली, "आई, पलंग सरकतोय." पलंग खरंच सरकत होता, भिंतीच्या दिशेने, इंच इंच, कुणी न ढकलता. तिने वळून पाहिलं नाही. चादर फाटायला लागली तेव्हा तिने त्यांना काखेत हात घालून धरलं, छातीशी लावलं आणि उंबऱ्यावरून अक्षरशः ओतल्यासारखं त्या चौकोनी जागेत घेतलं. दगड थंडगार होता. तिघं तिथे एकमेकांवर पडून श्वास घेत राहिली.

"आता खाली," ती म्हणाली.

"खाली नाही." अण्णांनी मान हलवली. "हा जिना एका माणसाचा आहे. तूच रोज कुरकुरतेस. वळणावर मी अडकलो तर तूही अडकशील आणि पोरही. आणि जिना उतरतो कुठे? स्वयंपाकघरात. त्याच भिंतीसमोरून जायचंय तुम्हाला. आत्ता जा. पळत."

"अण्णा, तुम्ही इथे एकटे—"

"मी इथे ठीक आहे. या भिंतीत बसून मी चाळीस वर्षं भाकरी खाल्लीय." मग त्यांचा आवाज बदलला. या घरात कामाला येणारी माणसं ज्या आवाजाला घाबरायची तो आवाज तिने आजवर ऐकला नव्हता, त्याबद्दल फक्त ऐकून होती. "तुझी मुलगी उचल. आधी ती. ऊठ म्हणतो ना!"

तिने भिंगरीला कडेवर घेतलं. वळताना अण्णांनी नातीचा पाय क्षणभर धरला आणि सोडला.

गोल गोल पायऱ्या. खांदे दोन्हीकडून घासत होते. खाली दार उघडलं तर स्वयंपाकघर धुळीने पांढरं. कपाट पुढे झुकलेलं, सगळे कप खाली फुटलेले, आणि त्याच्यामागे गिलावा पडून विटांचे तुकडे बाहेर आलेले. तीन भोकं तिच्याकडे बघत होती. मटार पायाखाली चिरडत ती धावली, अंगणात, अंगणापलीकडे, फाटकाच्या दिशेने.

मोठा आवाज होईल असं तिला वाटलं होतं. पण सुरुवातीला नुसता घरघराट झाला, गाडीतून वाळू ओततात तसा. बाहेरची भिंत मधोमध फुगली, उघडली आणि खाली बसली. मग आतली. मग तुळया, पलंग, छपराचा एक कोपरा. मग धूळ, आणि धुळीत काहीच दिसेना. ती भिंगरीचं तोंड आपल्या मानेत दाबून उभी होती.

धूळ बसली तेव्हा घराच्या मागच्या अंगाला भोक पडलेलं दिसलं. दोन्ही मजल्यांच्या खोल्या उघड्या. वरच्या खोलीत खुंटीवर तिचा रुमाल लटकत होता. मधली भिंत उभी होती. पण जिन्याच्या खालच्या दारापुढे छातीएवढा ढीग, आणि वरच्या दाराच्या तोंडावर छपराची तुळई आडवी.

मधल्या भिंतीचं टोक मागच्या अंगणात निघायचं, आणि तिथे जिन्याला उजेडासाठी एक फट ठेवलेली होती, हात जेमतेम जाईल एवढी. ती खाली उभी राहून ओरडली.

"अण्णा!"

काही नाही.

"अण्णा! अहो अण्णा!"

"ओरडू नकोस," फटीतून खोकला आला. "कान शाबूत आहेत माझे."

ती तिथेच मातीत बसली.

गवळीदादा चार माणसं घेऊन आले, हात अजून दुधाचे. त्यांनी ढिगाला हात घातला. एक दगड ओढला की वरून दोन घसरत. उरलेली भिंत वरती अधांतरी होती आणि तिच्याकडे सगळेच चोरून बघत होते. ट्रॅक्टर आला. नवरा चालत्या ट्रॅक्टरवरून उडी मारून उतरला. त्याने घराकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं, आणि तिने फटीकडे बोट दाखवल्यावर तो ढिगावर तुटून पडला. नखांनी उकरावं तसं उकरत होता. फटीतून अण्णा सांगत होते, "डावीकडून घे रे. उजवीकडचा हलवू नकोस, तो वरचं धरून आहे. घाई करू नकोस." मधेच त्यांना खोकल्याची उबळ यायची आणि मग बराच वेळ काही ऐकू यायचं नाही. प्रत्येक वेळी तो वेळ आधीपेक्षा लांबत होता. तेवढा वेळ सगळ्यांचे हात थांबायचे.

"पण झालं कसं हे?" गवळीदादांनी घाम पुसत विचारलं. "एवढी शंभर वर्षांची भिंत? अशी अचानक?"

नवऱ्याचे हात थांबले. त्याने तोंड उघडलं. ओठांवर धुळीचा थर होता.

"पाणी मुरलं," फटीतून अण्णांचा आवाज आला. थकलेला, पण सगळ्यांना ऐकू जाईल असा. "पन्हळ गळत होती वरची. दोन वर्षं मी बघत होतो आणि पोराला सांगितलं नाही. माझाच आळस. मालकीणबाईंना तसंच सांगा. माझ्या पोराच्या कामात खोट नव्हती."

नवरा दगड हातात धरून तसाच वाकून उभा राहिला. त्याची पाठ हलत होती. गवळीदादा "अरेरे" म्हणाले आणि पुन्हा कामाला लागले.

भिंगरीने आईच्या पदराचं टोक ओढलं. तिचं तोंड धुळीने पांढरं झालं होतं, डोळे तेवढे काळे.

"आई," ती म्हणाली, चांगलं मोठ्याने, "आजोबा खोटं का बोलतायत?"